साडेअकराची रेड, आणि वाचकांचे इतर प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा 26 वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कसलं व्यसन नाही, पगार घरात देतो. पण बुधवारी आणि रविवारी रात्री साडेअकराला दार लावून, कानाला हेडफोन लावून वॉरक्राफ्ट नावाच्या खेळात राक्षस मारत बसतो. मध्येच इंग्रजीत बोलतो, एकटाच हसतो. हाक मारली तर 'आई, आत्ता नको, लोकं मरतील' म्हणतो. दिवाळीनंतर तर साडेअकराचे साडेबारा झाले. त्याच्या वडिलांचं तरुणपण तालमीत आणि शाहू स्टेडियमवर गेलं, त्यांना हे अजिबात पटत नाही. 'जाग्यावर बसून कसला खेळ?' म्हणतात. यंदा स्थळं बघायची आहेत. त्या खेळात एवढं आहे तरी काय? आणि ती परदेशातली माणसं म्हणजे काय खरे मित्र आहेत का?
— एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, आधी दिवाळीचं मिटवून टाकू, कारण त्यावरून घरात वादावादी झाली असणारच. पोरानं वेळ वाढवलेली नाही. वॉरक्राफ्टला भारतात सर्व्हर नाही, म्हणून आपल्याकडची बरीच पोरं युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतात. तिथं संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडं साडेअकरा झालेले असतात आणि हिवाळ्यात साडेबारा. मार्चअखेर तिकडची घड्याळं पुढं गेली की पोरगं परत साडेअकराला बसेल. आणि बुधवारच का, तर युरोपात मोठ्या लढायांचा आठवडा बुधवारी सुरू होतो. एकदा मारलेला राक्षस पुढच्या बुधवारपर्यंत परत मारता येत नाही.

आता 'लोकं मरतील'. पोरगं खोटं बोलत नाही. माझा अंदाज, तो हीलर आहे, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारा. मीही हीलरच. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याआधी त्याच गाळ्यात सायबर कॅफे होता. दिवसभर लोकांच्या हार्ड डिस्कमधलं लग्नाचं शूटिंग परत काढून द्यायचं आणि रात्री हे. खेळातलं माझं कॅरेक्टर म्हणजे पांढऱ्या दाढीचा एक बुटका पुजारी. आमच्या घरी त्याला 'तुमचा म्हातारा' म्हणतात. 'म्हातारा निघाला का कामावर?' असं विचारून बायको झोपायला जाते.

हा खेळ, पुरं नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', 2004 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला. 2010 साली पैसे भरून खेळणारे 1 कोटी 20 लाखांवर गेले होते. पुढं खेळ बराच बदलला, मग जुन्या लोकांच्या हट्टामुळं कंपनीनं 2019 साली पहिल्यासारखा खेळ 'क्लासिक' म्हणून परत सुरू केला. मी त्यात असतो. त्यातली मोठी मोहीम म्हणजे रेड, ती 40 जणांची. कामं तीनच. टँकनं पुढं उभं राहून मार खायचा आणि राक्षसाचं लक्ष आपल्यावरून हलू द्यायचं नाही. डीपीएस म्हणजे मारणारे, त्यांचीच गर्दी जास्त. आणि हीलरनं मागं थांबून सगळ्यांना जिवंत ठेवायचं. खरं सांगायचं तर हीलरला राक्षस धड दिसतसुद्धा नाही. त्याच्यासमोर 40 लहान पट्ट्या असतात, एकेक पट्टी म्हणजे एकेकाचा जीव. त्या रिकाम्या होत राहतात आणि तो भरत राहतो.

कारकुनी वाटलं ना? बसून बघा एकदा. मोठा उपचाराचा मंत्र पुरा व्हायला अडीच-तीन सेकंद लागतात. राक्षसाचा तडाखा बसल्यावर मंत्र सुरू केलात तर तो पुरा होईपर्यंत टँक गेलेला असतो. म्हणून तडाख्याच्या आधीच सुरू करायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणाला टँकची पट्टी बघायची. खाली आली तर मंत्र पुरा होऊ द्यायचा. नाही आली तर मध्येच तोडायचा आणि परत पहिल्यापासून. तोडायचा कशाला, तर मंत्राला मॅना, म्हणजे मंत्राचं इंधन, लागतो आणि मॅना मोजका असतो. मॅना खर्च केल्यापासून पाच सेकंद हात आवरला तरच तो नीट भरायला लागतो. नवीन हीलर घाबरून दिसेल त्याला बरं करत सुटतो आणि राक्षस अर्धा शिल्लक असतानाच रिकामा होऊन उभा राहतो. मुरलेला हीलर मोठ्या मंत्राच्या जागी त्याचाच खालच्या पायरीचा, कमी मॅना खाणारा मंत्र वापरतो. एखाद्याला अर्धमेला तसाच ठेवतो, कारण पुढची काही सेकंदं त्याच्याकडं कुणी फिरकणार नाही हे त्याला ठाऊक असतं. अशा वेळी आईची हाक आली आणि पोरगं उठलं की टँक पडतो, मग टँकच्या मागं सगळे. त्याला वाइप म्हणतात. मग सगळ्यांनी भुतं होऊन स्मशानापासून पळत यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

तुमच्या यजमानांना विचारा, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर सामना चालू असताना 'घरनं जेवायला बोलावलंय' म्हणून गेला असता का? पेठेत त्याला पुढं आयुष्यात तोंड दाखवता आलं असतं का? त्यांना ते लगेच कळेल. तालमीचं त्यांना जे सुख होतं, तेच हे आहे. ठरलेल्या वेळी हजर राहायचं, आपली जागा सांभाळायची. आपण नसलो तर संघाचं अडतं, हे आपल्याला आणि संघालाही माहीत असतं. फाउंड्रीत तुमच्या मुलानं रजा टाकली तर दुसरा कुणीतरी कास्टिंग तपासतो. बुधवारी तो आला नाही तर मात्र 39 जण थांबलेले असतात. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे आमच्या मंडळात म्हणा, पोलंडचा एक ट्रक ड्रायव्हर टँक आहे. त्यानं माझा चेहरा कधी पाहिलेला नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडची वीज गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तेव्हा दुसऱ्या हीलरवर भागवायचं सोडून त्यानं सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. ड्रॅगनचं कौतुक पहिल्या महिन्यात संपतं हो. माणूस परत येतो तो यासाठी.

हेही ऐका. एवढ्या जणांनी मिळून राक्षस पाडला की त्याच्याकडून निघतात दोन-चार वस्तू. 40 माणसं, दोन-चार वस्तू! कुणाला द्यायच्या? यासाठी गिल्डांनी आपापल्या वह्या घातल्या. हजर राहिलं की गुण, वस्तू घेतली की गुण वजा. ही पद्धत वॉरक्राफ्टच्याही आधीची, 1999 साली आलेल्या एव्हरक्वेस्ट नावाच्या खेळातली. ज्या काठीसाठी महिनोन्‌महिने थांबलो ती डोळ्यांदेखत दुसऱ्याला गेली तरी 'अभिनंदन' टाइप करायचं, हे तिथं शिकायला मिळतं. सगळ्यांना जमतं असं नाही. यावरून गिल्डा फुटतात आणि तालमीच्या निवडणुकीत होत नाही एवढं राजकारण होतं.

खरे मित्र का? नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. स्नायू झिजत जाणारा डुशेनचा आजार, व्हीलचेअर. पोरगं एकटं पडलंय, असंच आईवडिलांना वाटायचं. 2014 साली तो 25 व्या वर्षी गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली, तर युरोपभरातून पत्रं यायला लागली. ती त्याच्या वॉरक्राफ्टमधल्या गिल्डची माणसं होती. त्यातली काही विमानानं अंत्यविधीला आली. तुमचा मुलगा धडधाकट आहे, देवाच्या दयेनं तांबडा-पांढरा ओरपत असेल, त्यामुळं हे रडवायला सांगत नाही. विचारलंत म्हणून सांगितलं.

काळजी कधी करायची, तेही सांगतो, कारण या खेळाची वकिली करायला मी बसलेलो नाही. कंपनीला पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात, म्हणून खेळ कधी संपतच नाही, संपू दिलाच जात नाही. वस्तू कधी निघेल याचा नेम नसतो आणि ज्याचा नेम नसतो त्याच्यामागं माणूस जास्त धावतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरनं हे कबुतरांवर प्रयोग करून दाखवलेलं आहे. रोज हजेरी लावायला भाग पाडणारी जी बारीकसारीक कामं नव्या खेळात घातलीत, ती मला तर साफ लबाडी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली, ती यादी 2022 पासून लागू आहे. त्यात तासांचा हिशेब नाही. खेळावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, अशी गत साधारण वर्षभर राहिली आणि त्यानं घर, नोकरी, नाती बिघडली, तर डॉक्टरकडं जायचं. आठवड्यातल्या दोन रात्री, ठरलेल्या वेळी बसणारं आणि सकाळी शिफ्टला जाणारं पोरगं यात बसत नाही. झोप मात्र कमी पडत असणार. गुरुवारी फाउंड्रीत डोळा लागणं परवडणारं नाही, तेवढं त्याला जरूर बोला.

आणि स्थळाचं. पहिल्या भेटीतच मुलीला बुधवार-रविवार सांगून टाकायला लावा. लपवून ठेवलं तर लग्नानंतर पहिल्या बुधवारी जे होईल त्याला मी जबाबदार नाही. हाक मारायचीच असेल तर दोन राक्षसांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं मिळतात, तेव्हा मारा. ती कधी मिळतात हे कळायला मात्र तुम्हाला थोडा वेळ त्याच्या शेजारी बसावं लागेल.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन एमए करते. मैत्रिणी म्हणतात या खेळात कादंबरीसारखी मोठी गोष्ट असते. ती लिहितं कोण? वाचनाची आवड असलेल्याला त्यात काही मिळेल का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : लिहून ठेवलेली गोष्ट वाचण्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. राजे, शाप, सूड, मेलेले परत उठतात, हे सगळं आहे आणि ते सांगणारे परिच्छेदही आहेत, पण खेळणारे ते न वाचताच 'स्वीकार'वर क्लिक करतात. मीही करतो. 'दहा रानडुकरं मारून ये' याला कुणी किती शब्दांचं तोरण बांधावं?

पण तुमच्या विषयाच्या जवळचं एक सांगतो. या खेळांचा मूळपुरुष निव्वळ अक्षरांचा होता. 1978 साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' लिहिला. चित्र एकही नाही. पडद्यावर जागेचं वर्णन यायचं, तुम्ही 'उत्तर' टाइप केलं की पुढच्या जागेचं वर्णन यायचं, आणि त्याच जागेत दुसरा कुणी विद्यार्थी उभा असला तर तो बोलायचा. तिथून वॉरक्राफ्टपर्यंत सरळ वंशावळ लागते.

आणि जी गोष्ट कुणीच लिहिलेली नसते ती तिथं घडते. 2005 च्या सप्टेंबरात वॉरक्राफ्टमध्ये एका मंदिरातल्या नव्या मोहिमेत हक्कार नावाचा राक्षस आणला होता. तो खेळाडूंना रक्त नासवणारा शाप द्यायचा. एकाचा शाप शेजाऱ्याला लागायचा. तो तेवढ्या मंदिरापुरताच राहणार, असा कंपनीचा हिशेब होता. पण शिकाऱ्यांचे पाळीव प्राणी हिशेबात धरायचे राहिले. लढाईत प्राण्याला शाप लागला, मालकानं त्याला परत पाठवलं आणि मग भर राजधानीत बोलावलं. झालं. शहरात साथ पसरली. नवखे खेळाडू क्षणात मरायला लागले, मोठे तगून राहिले आणि साथ वाहत राहिले. काही हीलर आपणहून शहरात जाऊन अनोळखी लोकांना बरं करत बसले. काही जण गाव सोडून रानात पळाले. आणि काही महाभागांनी मुद्दाम शाप लावून घेऊन बाजारात फेऱ्या मारल्या. कंपनीला शेवटी सर्व्हर बंद करून सगळं पूर्वपदावर आणावं लागलं. साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं, 2007 साली लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात लेखही आला. 2020 साली आपण सगळ्यांनी ही सगळी पात्रं आपापल्या गल्लीत पाहिली, तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

तुमच्यासारख्यांसाठी 'रोलप्ले'चे वेगळे सर्व्हरही आहेत. तिथली मंडळी राक्षस मारायचं सोडून खानावळीत बसून आपापल्या पात्राच्या तोंडचं बोलत असतात. तासन्‌तास. प्रयोगाला प्रेक्षक नसलेलं उत्स्फूर्त नाटकच ते. मला त्याचा लवकर कंटाळा येतो, पण प्रबंधाला विषय शोधत असाल तर तिथं जा.

प्रश्न : वय 64. बँकेतून निवृत्त. नातू पुण्यात असतो, असले खेळ खेळतो. त्याच्याबरोबर खेळावं असं मनात आहे. या वयात जमेल का? खर्च किती? आणि ऑनलाइन गेमवर सरकारनं बंदी घातली ना?
— एक आजोबा, ताराबाई पार्क

उत्तर : बंदीचं पहिल्यांदा. 2025 च्या ऑगस्टमधला कायदा आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. ठरावीक वर्गणी भरून नुसतं खेळायचं असेल तर तसा खेळ त्यात येत नाही. निवांत राहा.

वॉरक्राफ्टची वर्गणी महिन्याला 15 डॉलरच्या घरात आहे, पण नव्या खेळाच्या पहिल्या 20 लेव्हल फुकट आहेत, त्यात जमतंय का ते कळतं. महिन्याची वर्गणीच नको असेल तर गिल्ड वॉर्स 2 बघा. त्याचा मूळ खेळ 2015 पासून फुकट आहे. मशीनला एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि साधं का होईना वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. दुकानदार रंगीत दिव्यांचा कीबोर्ड गळ्यात मारायला बघेल, तो घेऊ नका. चांगला माउस घ्या, मनगट तुमचं आहे.

सर्व्हर कुठला, हे नातवाला विचारल्याशिवाय ठरवू नका. तो युरोपात आणि तुम्ही अमेरिकेत गेलात तर एकमेकांना कधीच दिसणार नाही.

जमेल का? लढाई जमेल न जमेल, फिरणं नक्की जमेल, आणि माझ्या मते निम्मा आनंद फिरण्यातच आहे. जुन्या खेळात, म्हणजे क्लासिकमध्ये, 40 व्या लेव्हलपर्यंत घोडा मिळत नाही, सगळीकडं पायी. ऑबरडीनच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभं राहायचं. बोट येते, चढायचं, पलीकडं मेनेथिल बंदरात उतरायचं. तिथून पुढचा रस्ता दलदलीतून जातो आणि दलदलीत मगरी. नवख्याला एक मगर पुरते. नातवाला पुढं घाला, तो मगरी अंगावर घेईल. तुम्ही रस्त्याची कड सोडू नका आणि मागं बघत थांबू नका. मेलात तरी फक्त परत पळत यावं लागतं. नातू हसेल. हसू द्या, त्यासाठीच तर चाललाय तुम्ही.

प्रश्न : एका वेबसाइटवर खेळातलं सोनं अगदी स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?
— इचलकरंजी

उत्तर : सोनं घ्यायचं तर गुजरीत जावं, पावती मिळते. असलं विकाऊ सोनं बऱ्याचदा दुसऱ्याचं अकाउंट फोडून काढलेलं असतं, आणि पकडलं गेलं तर तुमचं अकाउंट बंद होतं. घाईच असेल तर 2015 पासून नव्या खेळात कंपनी स्वतःच टोकन विकते, ते घ्या आणि खेळातच सोन्याच्या बदल्यात विका. महाग पडतं, पण अकाउंट राहतं. आणि त्या वेबसाइटवर तुमचा पासवर्ड टाकून झाला असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आधी तो बदला.